पाना, जॅक आणि धुण्याचा दगड

आमच्या घरी व्हॅन आली ती 2016 च्या दिवाळीच्या सुट्टीत. अकलूजमध्ये व्हॅन म्हटलं की कोणत्या कंपनीची हे विचारावं लागत नाही. व्हॅन म्हणजे ओम्नी. 1984 साली ती निघाली तेव्हा तिचं नावच मारुती व्हॅन होतं. 1988 साली ओम्नी झालं, 2019 साली ती बनायची बंद झाली, तरी लोकांच्या तोंडातून पहिलं नाव काही गेलं नाही. पुढं बोनेट नाही, नाक चपटं, इंजिन पुढच्या सीटखाली. मे महिन्यात ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला फुकटात शेक मिळतो. सरकत्या दरवाजातून आमच्या घरची किती माणसं आत जातात हे पाहून एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "अगं, आत मजला काढलाय का?"

घरात सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. मुलांचे अब्बा, त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दीर कुवेतला, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं आमच्याबरोबर. आमची दोन. आणि आम्ही स्वतः, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. झालं ते लग्नानंतर, थोरल्याला मांडीवर घेऊन. गाडी जुनीच घेतलेली. आधीचा मालक लग्नात मंडपाचं सामान वाहायचा. पहिले सहा महिने सीटखाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या सापडत होत्या.

या गाडीची एक बदनामी आहे, ती वाचकांना माहीत असेल. हिंदी सिनेमात हिरोच्या बहिणीला उचलायचं असलं की हीच गाडी येते. पांढरी ओम्नी, दरवाजा सरकतो, दोन हात बाहेर येतात, दरवाजा बंद. आमच्या थोरल्याला वर्गातली पोरं चिडवायची, "तुझ्या अब्बाची किडनॅपरची गाडी." आम्हीही हसायचो. 2018 च्या जुलैपर्यंत हसायचो.

त्याआधी चाक बदलण्याविषयी.

'स्टेपनी' हा शब्द आम्ही कित्येक वर्षं आपलाच समजत होतो. एस.टी.चा ड्रायव्हर स्टेपनी म्हणतो, ट्रॅक्टरवाला म्हणतो, उर्दू बोलणाऱ्या घरातली बाईही स्टेपनीच म्हणते. हे नाव ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या एका रस्त्याचं आहे, हे खूप उशिरा कळलं. लानेली नावाचं गाव, त्यातली स्टेपनी स्ट्रीट. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीसाठी जादा चाक काढलं. तोवर मोटारीला जादा चाक देतच नसत. टायर फुटला की रस्त्यावर बसून शिवायचा. या दोघांनी टायर चढवलेली एक कडी बनवली, ती पंक्चर झालेल्या चाकावरच आवळून बसवायची आणि घरापर्यंत यायचं. त्या बिचाऱ्यांच्या देशात आता हा शब्द कोणी वापरत नाही म्हणतात. आपल्याकडं शंभर वर्षांनंतरही तो बाजारात, बोलीत आणि भांडणात ठणठणीत आहे. नव्या गाड्यांतून मात्र स्टेपनीच जाऊ लागली आहे. टायरमधली हवा कमी झाली की इशारा देणारं यंत्र आणि पंक्चर काढायचं किट असेल तर लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही, असा नियम 2020 साली झाला. शहरात ठीक असेल. माळशिरस तालुक्यात ऊसतोडीच्या दिवसांत ज्यानं गाडी चालवली आहे, तो स्टेपनी सोडून घराबाहेर पडणार नाही.

आमच्याकडं पंक्चर होतं ते मुख्यतः तीन गोष्टींनी. बाभळीचा काटा, ट्रॉलीचा तुटलेला नट-बोल्ट आणि बैलाच्या पत्रीचा खिळा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. डांबरावर चालून बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून पत्री मारतात. पत्री सैल झाली की खिळे रस्त्यावर पडतात आणि पावसाळा आला तरी कडेच्या मुरमात तसेच उभे असतात.

गाडी चालवायला आम्ही 2017 मध्ये शिकलो, मुलांच्या अब्बांकडून. चाक बदलायला मात्र त्यांच्याकडून शिकलो नाही, कारण ते स्वतः घाई करतात. ते शिकवलं नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी. त्यांचं शिकवणं कोणत्याही बी.एड. कॉलेजात दाखवावं असं होतं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि ती विद्यार्थ्याच्या हातून करून घ्यायची. पहिला धडा, हवा गेल्याचं कळलं की ब्रेकवर उडी मारायची नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा, गाडी आपोआप हळू होऊ द्यायची आणि डांबराच्या पूर्ण खाली घ्यायची. रिम खराब झाली तर होऊ दे, दोन हजारांची रिम आहे, माणसं किती रुपयांची? दुसरा धडा, चारी इंडिकेटर लावायचे आणि माणसं खाली उतरवायची. उतरवायची ती रस्त्याच्या बाजूनं नाही, शेताच्या बाजूनं. आणि गाडीच्या मागं गप्पा मारत उभं राहू द्यायचं नाही. मागून येणारा आधी त्यांनाच उडवतो.

मग हॅंडब्रेक, गिअर आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. म्हणजे पुढचं डावं चाक बसलं असेल तर मागच्या उजव्याला. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. चाक उचलल्यावर पाना लावला की चाकच फिरतं आणि माणूस घामाघूम होतो. ढिले म्हणजे अर्धा फेरा, काढायचे नाहीत. मग जॅक. जॅक लावायची जागा पत्र्याखाली ठरलेली असते, ती दिवसाउजेडी हातानं चाचपून ठेवायची, अंधारात हात आपोआप जातो. चाक निघाल्यावर स्टेपनी बसवेपर्यंत काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवायचं. जॅक निसटला तर गाडी चाकावर बसेल, हातावर नाही. नट परत बसवताना निमुळती बाजू आत. एक आवळला की त्याच्या समोरचा, शेजारचा नाही. आणि वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवून बघायचं.

चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. 2313 म्हणजे 2013 चा तेविसावा आठवडा. आमच्या गाडीचे टायर वरून काळेभोर दिसत होते, नक्षीही बरी होती. आकडे वाचल्यावर कळलं की त्यांचं वय आमच्या धाकटीपेक्षा जास्त आहे. रबर झिजलं नाही तरी म्हातारं होतं. आणि उन्हाळ्यात टायर फुटतो तो हवा जास्त भरल्यानं असं सगळे समजतात, पुष्कळदा तो हवा कमी असल्यानं फुटतो. कमी हवेचा टायर चालताना मुडपतो, मुडपला की तापतो. त्यात आठ माणसं, दोन पेट्या आणि बिर्याणीचं पातेलं. हवा तपासायची ती सकाळी, गाडी थंड असताना. इतकं शिकवून चाचांनी पैसे घेतले ते फक्त स्टेपनीत भरलेल्या हवेचे.

आता 2018.

त्या वर्षी जूनपासून सगळ्यांच्या मोबाइलवर एकच गोष्ट फिरत होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुठला तरी व्हिडिओ, खाली गावाचं नाव बदललेलं. इंदापूरच्या माणसाला इंदापूरचा येई, बार्शीच्या माणसाला बार्शीचा. आमच्या स्टाफरूममध्येही आला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच जणांना गर्दीनं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. अकलूजच्या बाजारात आपण कधीतरी ज्यांच्या हातावर पैसे ठेवले असतील, अशी माणसं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आम्ही करमाळ्याहून परत येत होतो. जाऊबाईंच्या माहेरी अकीका होता. निघायला उशीर झाला, टेंभुर्णीत मुलांना वडापाव खायला थांबलो, तिथंच साडेनऊ वाजले. अकलूजच्या रस्त्याला लागलो तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली. आम्ही आठ जण. पुढं मुलांचे अब्बा आणि अम्मी, मागं आम्ही दोघी आणि चार मुलं. मुलं एकमेकांच्या अंगावर झोपलेली. एका वस्तीजवळ गाडी डावीकडं ओढायला लागली. मागचं डावं चाक बसलं होतं.

रस्त्याची साइडपट्टी अरुंद. गाडी डांबराच्या खाली घेतली तर खाली काळी माती, पावसानं लोणी झालेली. ज्यांनी काळ्या रानात गाडी घातली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जॅक फिरवावा तसा गाडी वर येईना, जॅकच खाली जाऊ लागला. जाऊबाईंचा धाकटा उठला आणि रडायला लागला. तो रडला म्हणून आमची धाकटी रडली. पांढरी ओम्नी, रात्र, सरकता दरवाजा अर्धा उघडा, आत रडणारी मुलं. मुलांच्या अब्बांनी आमच्याकडं बघितलं. काही बोलायची गरज नव्हती. दोघांच्याही डोक्यात राईनपाडाच होतं.

वस्तीवरचं कुत्रं भुंकलं, मग दुसरं. बॅटऱ्या लागल्या. चार-पाच माणसं बांधावरून येताना दिसली, दोघांच्या हातात काठ्या. शेतकरी रात्री साप-विंचवासाठी काठी घेऊनच बाहेर पडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या रात्री ते आठवून उपयोग झाला नाही. अम्मी पुटपुटत आयतल कुर्सी पढू लागल्या. मुलांचे अब्बा दाढीवाले, डोक्यावर टोपी. त्यांनी टोपी काढली नाही. काढली असती तरी आम्ही काही म्हटलं नसतं. त्यांनी पाना मात्र खाली ठेवला, माणसं बघताहेत आणि आपल्या हातात लोखंड नको म्हणून.

"कोण हाय रं तिकडं?" एकानं बॅटरी थेट तोंडावर मारली.

"पंक्चर झालंय, दादा. अकलूजला निघालोय."

"अकलूजला? अकलुजात कुठं?"

मुलांचे अब्बा गल्ली सांगू लागले. बॅटरी त्यांच्यावरून गाडीत शिरली आणि मुलांवर थांबली. मागून एक म्हातारी आली, डोईवर पोत्याची खोळ. तिनं कोणाला काही न विचारता दरवाजातून मान आत घातली. "लेकरं कुणाची हायती?"

"आमचीच, आजी. ही दोन माझी, ती दोन जावेची," आम्ही म्हटलं. आमचा आवाज आम्हालाच वर्गातल्यासारखा वाटला. म्हातारीनं आमच्या धाकटीला विचारलं, "तुजं नाव काय गं?" तिनं नाव सांगितलं आणि रडतारडता म्हणाली, "आजी, मला शू लागलीय." पाच वर्षांची पोर. घरी अम्मीशी दखनी, शाळेत उर्दू, गल्लीत मराठी, आणि शू तिला मराठीतच लागायची. ती म्हातारी हसली. आमच्या छातीवरचा दगड पहिल्यांदा जरासा हलला.

तेवढ्यात तिनं बॅटरीवाल्याचा हात धरून उजेड अम्मींकडं वळवला. निरखून बघितलं. "आगं बया! तुमी बांगड्यावाल्या भाभी न्हवं?"

आमच्या अम्मींनी तीस वर्षं बांगड्या विकल्या. आम्ही मणेर. सासरे जाण्याआधी दोघं मिळून आणि ते गेल्यावर एकट्या, डोक्यावर पाटी घेऊन एस.टी.नं, बैलगाडीनं, पायी, आजूबाजूच्या गावांतून आणि वस्त्यांवरून फिरायच्या. लग्नाचा हिरवा चुडा, डोहाळजेवणाच्या बांगड्या, नागपंचमीच्या बांगड्या. दुकान झाल्यावर पाटी सुटली. म्हातारीच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा चुडा अम्मींनी भरला होता. कोणती मुलगी, कितवं साल, हात किती निबर होता आणि बांगडी चढताना पोर कशी ओरडली होती, दोघी भर पावसात उभ्या राहून आठवू लागल्या. काठ्या कधी खाली गेल्या ते आम्ही पाहिलं नाही.

नंतरचं काम सोपं होतं. एका तरण्या पोरानं हौदाजवळचा धुण्याचा दगड उचलून आणला, चांगला हातभर लांब, चपटा. तो जॅकखाली ठेवला आणि गाडी वर आली. स्टेपनी मागच्या सीटच्या मागं, सगळ्या सामानाखाली. अकीक्याच्या मटणाचा डबा, चादरी, खेळणी एकेक करून त्या म्हातारीच्या ओसरीवर गेली. मुलं तिथंच बसली आणि वाटीनं दूध प्यायली. चाकात बैलाच्या पत्रीचा खिळा निघाला. निघताना आम्ही दगड उचलून परत नेऊन ठेवायला लागलो तर तो पोरगा म्हणाला, "र्‍हावू द्या, मॅडम, सकाळी नेतो." पण अम्मी ऐकेनात. रस्त्याकडेला दगड ठेवून जायचा नाही, रात्री कोणीतरी मोटारसायकलवाला येतो आणि त्यावर आपटतो. हे त्यांना चाचांनी शिकवलेलं नव्हतं, सासऱ्यांच्या चुलतभावाचा मृत्यू तसाच झाला होता. बंद पडलेल्या ट्रकच्या मागं दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची पद्धत आपल्याकडं आहे. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथंच. त्याऐवजी लाल त्रिकोण मिळतो. उघडायचा, गाडीच्या मागं पन्नास पावलांवर ठेवायचा, जाताना घडी करून उचलायचा. महामार्गावर पन्नास पावलं कमी, तिथं शंभर तरी हवीत.

ती रात्र आम्ही पुष्कळांना सांगितली. ऐकणारे दोन प्रकारचे निघाले. काही म्हणाले, बघा, आपले लोक किती चांगले. काही म्हणाले, अम्मी गाडीत नसत्या तर? आम्हाला पहिलं म्हणणं खोटं वाटत नाही आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. बांगड्यावाली प्रत्येक गाडीत नसते. राईनपाड्याच्या त्या पाच जणांनाही आपलं गाव, आपलं नाव, आपली ओळखपत्रं होतीच. पुढं 16 एप्रिल 2020 ला लॉकडाऊनमध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला असंच रस्त्यात अडवून जमावानं मारलं. तीही अफवाच होती, चोरांची आणि मुलं पळवणाऱ्यांची. बातमी आली त्या दिवशी अम्मींनी टीव्ही बंद केला. दाढी कोणाची होती, भगवं कोणाच्या अंगावर होतं, यावर मोबाइलवर दोन दिवस भांडणं चालली. आम्हाला दिसत होती ती रस्त्याकडेला उभी असलेली गाडी.

उलट बाजूही खरी आहे. रात्री रस्त्यावर कोणी हात केला तर आपण तरी थांबतो का? अंडी फेकून काच आंधळी करतात, बाई उभी करून लुटतात, असं आपणही ऐकलेलं असतं आणि पुढं पाठवलेलं असतं. जखमीला उचललं तर पोलीस आपल्यालाच पकडतील ही भीती तर आपल्या बापजाद्यांची. या भीतीवर आता कायदा आहे, तो वर्गात मुलांना आम्ही आवर्जून सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या मार्चमध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 134 अ आलं. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. 108 ला फोन केला की ॲम्ब्युलन्स, महाराष्ट्रात ही सोय 2014 पासून आहे. 112 पोलिसांसाठी आणि इतर कुठल्याही संकटासाठी. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033. हे तीन आकडे आम्ही गाडीच्या सनव्हायझरवर मार्करनं लिहून ठेवले आहेत. मोबाइलमध्ये आहेतच, पण मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

संत तुकाराम पालखी मार्गाचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 ला झालं आणि अकलूजच्या भागातले रस्ते बदलले. रुंद झाले, चांगले झाले. पण रुंद रस्त्यावर बंद गाडी जास्त धोक्याची असते, कारण मागून येणारा शंभरच्या वेगात असतो. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर निदान सगळे सावकाश तरी यायचे. आषाढात तुकोबांची पालखी सराटीला नीरा ओलांडून अकलूजला येते, गोल रिंगण होतं, मुक्काम पडतो. त्या दोन दिवसांत दिंड्यांचे ट्रक, टेम्पो, पाण्याचे टँकर इतके येतात की नाक्यावरच्या चाचांना रात्री झोप नसते. दिंडीच्या गाडीचं पंक्चर ते काढतात आणि पैसे विचारले की "द्या जे द्यायचं ते" म्हणतात. वारकरी देतात, आणि वर बुक्का लावायला जातात. चाचा कपाळ मागं घेऊन हात पुढं करतात. बुक्का तळहातावर घेतात आणि गल्ल्याला लावतात. इतक्या वर्षांत यावर दोघांचंही कधी काही अडलेलं नाही.

या धंद्याला मात्र एक शिवी चिकटली आहे. 'पंक्चरवाला.' आपल्या समाजातल्या मुलाला चिडवायचं असेल तर हा एक शब्द पुरतो. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व कायद्याच्या विरोधातल्या निदर्शनांवर बोलताना एका तरुण खासदारांनी तो वापरला. 14 एप्रिल 2025 ला हरियाणात हिसारच्या सभेत वक्फच्या मालमत्तांबद्दल बोलताना पंतप्रधान म्हणाले की त्यांचा प्रामाणिकपणे उपयोग झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चरं काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. वक्फच्या जमिनींचं काय झालं हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, त्यात आपल्याच लोकांचे हात किती हेही ठाऊक आहे. तो राग आम्हाला मान्य आहे. पण पंक्चर काढण्याचा दाखला खालची पायरी म्हणून दिला जातो तेव्हा नाक्यावरचे चाचा डोळ्यासमोर येतात आणि आम्हाला तो हिशेब पटत नाही. महाराष्ट्रातल्या महामार्गांवर केरळमधून आलेल्या लोकांची टायरची दुकानं जागोजागी आहेत, त्यांना तिथं कोणी शिवी म्हणून हाक मारत नाही. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधणं, जागा खरवडून सोल्यूशन लावणं, ते नेमकं किती सुकू द्यायचं हे बोटाला कळणं, याला हुनर म्हणतात. गरिबी वाईट आहे. शाळा अर्धवट सुटणं वाईट आहे. ट्यूबला पॅच लावणं वाईट नाही.

हे आम्ही म्हणतो, पण आमच्या वर्गातल्या मुलाला ते वाटायला हवं ना. सहावीच्या प्रवेशाचे फॉर्म तपासत असताना एका फॉर्मवर बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात 'टायर का कारोबार' लिहिलेलं दिसलं. आधी वेगळं काही लिहून खोडलेलं होतं. अक्षर मुलाचं होतं. बाप आम्हाला माहीत होता, चाचांच्याच शेजारी त्याची टपरी.

सहावीच्या विज्ञानात साधी यंत्रं आहेत. मराठीत तरफ, उर्दूत बैरम. पुस्तकात कात्री, अडकित्ता आणि सीसॉ यांची चित्रं असतात, मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. आम्ही मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि एका शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला व्हॅन शाळेच्या मैदानात नेली. एका मुलीच्या आईनं आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, मुलींना हे कशाला? आम्ही उलट निरोप पाठवला की त्यांनीही यावं. त्या आल्या नाहीत, मुलगी आली.

पाना म्हणजे तरफ. हात जितका लांब धराल तितका जोर कमी लागतो. जॅक म्हणजे मळसूत्र, आणि मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. हे फळ्यावर पाच मिनिटांत झालं. मग नट. मुलांनी एकेक करून जोर लावला, नट हलेना. मोठ्या अंगाच्या दोघांनी दात-ओठ खाल्ले. तो टायरवाल्याचा मुलगा मागं उभा होता. आम्ही त्याला बोलावलं नाही, ठरवूनच बोलावलं नाही. शेवटी तो आपणहून पुढं आला. पाना नटावर असा बसवला की दांडा जमिनीला समांतर राहिला, डाव्या बाजूला. मग मुलांकडं बघून म्हणाला, "हात से नहीं. पाँव से. धीरे." आणि वर्गातल्या सगळ्यात बारक्या मुलीला, जिच्या आईचा निरोप आला होता तिला, म्हणाला, "तू चढ." ती बुजली. आमच्याकडं बघितलं. आम्ही मान हलवली. तिनं चप्पल काढली, गाडीच्या पत्र्याला हात टेकवला आणि पान्याच्या टोकावर पाय देऊन उभी राहिली. नट करकरला आणि सुटला. पोरांनी एवढा गलका केला की मुख्याध्यापक खिडकीत आले.

त्या तासात चाक तीन वेळा निघालं आणि तीन वेळा बसलं. नट समोरासमोर आवळायचे हे त्यानंच सगळ्यांना सांगितलं, आम्ही फक्त गाडीच्या पोटाखाली कोणाचा हात जाणार नाही एवढं पाहत होतो. शेवटी त्यानं स्टेपनीचं टोपण काढलं, बोटाला थुंकी लावून वॉल्व्हवर ठेवली आणि सगळ्यांना खाली वाकायला लावलं. पंचवीस डोकी एका चाकावर वाकली.

"बुलबुला आया क्या?"

"नहीं आया!"

"तो हवा बराबर है," तो म्हणाला आणि टोपण फिरवून बसवलं. सोमवारी त्यानं मधल्या सुट्टीत येऊन फॉर्म परत मागितला. फॉर्म ऑफिसात जमा झाले होते, आता बदलता येणार नाही असं आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "कोई बात नहीं, मॅडम. आप के स्टेपनी में चार पौंड हवा कम है. अब्बा के पास आ जाना."